मरिनर-१ बुडालं ते स्वल्पविरामामुळे नव्हे

प्रोग्रॅमिंग शिकवताना हमखास सांगितली जाणारी गोष्ट: फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं आणि नासाचं शुक्राकडे निघालेलं यान नष्ट झालं. ती खरी नाही.

२२ जुलै १९६२ रोजी मरिनर-१ उडालं, भरकटू लागलं आणि पाच मिनिटांच्या आतच सुरक्षा अधिकाऱ्याला ते उडवून द्यावं लागलं. मार्गदर्शन यंत्रणेचा रेडिओ संपर्क बिघडला होता, त्यात समीकरण उतरवून घेताना एका चिन्हावरची आडवी रेघ सुटली होती. ती रेघ म्हणजे ‘वेगाची सरासरी काढून गुळगुळीत केलेली किंमत घ्या’. ती नसल्याने वेगातले किरकोळ चढउतार संगणकाला मोठी चूक वाटले आणि तो नको त्या दुरुस्त्या पाठवत राहिला. म्हणजे चूक फोरट्रानच्या ओळीतली नव्हती, ती गणिताच्या मांडणीतच होती.

टिंबाची चूकही घडली होती, पण नासाच्या मर्क्युरी या मानवी अंतराळमोहिमांच्या प्रकल्पातल्या कक्षा-गणनेच्या प्रोग्रॅममध्ये, आणि अनर्थ होण्याआधीच ती सापडली. तिचं मूळ मात्र नीट पाहण्यासारखं आहे. तेव्हाच्या फोरट्रानमध्ये मोकळ्या जागेला अर्थ नव्हता आणि एकही शब्द राखीव नव्हता, म्हणजे भाषेचे आज्ञाशब्द चलाच्या नावातही चालायचे.

‘डू १० आय = १, १०’ हे आवर्तन: १० क्रमांकाच्या ओळीपर्यंतच्या सूचना आय १ ते १० असताना पुन्हापुन्हा करा.
‘डू १० आय = १.१०’ म्हणजे ‘डू१०आय’ नावाच्या चलाला १.१० ही किंमत.

दोन्ही ओळी वैध, म्हणून प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा कंपायलर गप्प! ‘डू’ हा कीवर्ड (आज्ञाशब्द) आहे की नावाचा तुकडा, हे ‘=’ या चिन्हापलीकडे गेल्यावरच कळायचं. माझ्या मते हा दोष भाषेच्या रचनेचा, तो टंकणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. फोरट्रान ९० च्या मुक्त मांडणीत मोकळ्या जागेला अर्थ आला. राखीव शब्द आजही नाहीत.