सिंगल स्ट्रँड की मल्टिस्ट्रँड: छोट्या सर्किटसाठी कोणती वायर घ्यावी?

गणपतीच्या आराशीसाठी प्रथमच सोल्डरिंग आयर्न हातात घेणारा कोल्हापुरातील विद्यार्थी दुकानात जाऊन ‘बारीक वायर द्या’ एवढेच सांगतो आणि दुकानदार हाताशी असलेल्या रिळातून दोन-चार मीटर कापून देतो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या वायरींच्या आत मात्र दोन निराळ्या रचना असतात. सिंगल स्ट्रँडमध्ये तांब्याची एकच भरीव तार असते, तर मल्टिस्ट्रँडमध्ये अनेक बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात. जोडणी झाल्यावर ती वायर हलणार आहे की जागच्या जागी राहणार आहे, यावर दोहोंतील निवड ठरते. किती करंट वाहणार आहे, यावर ती ठरत नाही.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मल्टिस्ट्रँड वायर जास्त करंट पेलते असा समज पक्का रुजलेला आहे. करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, असे त्याचे समर्थनही ऐकायला मिळते. वस्तुतः डीसीमध्ये करंट तांब्याच्या संपूर्ण छेदातून वाहतो, आणि घरच्या ५० हर्ट्‌झच्या एसीतही हा परिणाम जाणवण्यासाठी तार कित्येक मिलिमीटर जाड असावी लागते. वायरमध्ये किती व्होल्टेज वाया जाईल, हे तिची लांबी आणि तांब्याचे एकूण क्षेत्रफळ यांवर अवलंबून असते. २२ एडब्ल्यूजीच्या (तारेची जाडी सांगणारे अमेरिकन गेज), म्हणजे ०.६४ मिमी व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०५३ ओहम असतो आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या मल्टिस्ट्रँडचाही जवळपास तितकाच भरतो. पाच व्होल्टची साठ पिक्सेल एलईडींची पट्टी पूर्ण पांढऱ्या उजेडात, दर एलईडीला ६० मिलिअँपिअर धरल्यास, ३.६ अँपिअर घेते. अडॅप्टर दोन मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन चार मीटर वायरमध्येच पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि मखरावरचा पांढरा उजेड तांबूस दिसू लागतो. तेथे उपाय जाड वायरीचा आहे. स्ट्रँड बदलून काही साधत नाही.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भोकांत तारा खोचून सर्किट जुळवण्याच्या पाटीवर, मात्र सिंगल स्ट्रँडच हवी. २.५४ मिमी अंतरावरील भोकांखालच्या क्लिपा ०.५ ते ०.६५ मिमी व्यासाची भरीव तार घट्ट धरतात. मल्टिस्ट्रँडचे टोक आत शिरताना फुलते, आणि त्यातली एखादी केसासारखी तार सुटून शेजारच्या सुट्या भागाच्या पायाला टेकली, की चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते. लॅनच्या केबलचा उरलेला तुकडा सोलल्यास आतून साधारण २४ एडब्ल्यूजीच्या आठ रंगीत वायरी निघतात, त्या या कामाला उत्तम. तुकडा भिंतीतून नेण्याच्या केबलचा असावा, कारण दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार पॅचकॉर्डमध्ये बहुधा मल्टिस्ट्रँड असते.

वायर हलू लागली की पारडे फिरते. तार वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि हा ताण तारेच्या जाडीबरोबर वाढतो. दहा मिमी त्रिज्येच्या वळणावर ०.६ मिमीची भरीव तार बाहेरच्या कडेला सुमारे तीन टक्के ताणली जाते, तर ०.२ मिमीची बारीक तार एकच टक्का. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतील एखाद्या लेथवर फेऱ्या मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याला सिंगल स्ट्रँड वायर जोडली, तर कंपनाने ती कधी ना कधी तुटणारच. त्यातही वायर सोलताना ब्लेडची खाच पडली असेल, तर नेमकी त्या खाचेपाशी. सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर), बॅटरीचा डबा, दारावरचा स्विच यांनाही मल्टिस्ट्रँडच लावावी.

मल्टिस्ट्रँडचे दुखणे सोल्डरपाशी असते. वितळलेले सोल्डर बारीक तारांमधून चढत इन्सुलेशनखाली जाते, तेवढा भाग भरीव तारेसारखा ताठ होतो आणि ताठ व लवचीक भाग जेथे मिळतात तेथेच वायर तुटते. म्हणून जोडावर हीटश्रिंक (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी) नळी चढवून ती शाबूत इन्सुलेशनवरही सेंटिमीटरभर घ्यावी. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायच्या टोकाला सोल्डर लावण्याची सवय सोडलेली बरी. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि घट्ट आवळलेला स्क्रू सैल होतो. तेथे फेरूल, म्हणजे टोकावर चढवायची धातूची छोटी नळी, दाबून बसवावी.

रिळावरील आकडेही नीट पाहावेत. ७/०.२ म्हणजे ०.२ मिमीच्या सात तारा, एकूण ०.२२ चौरस मिमी तांबे. काही ठिकाणी दुसरा आकडा मिलिमीटरऐवजी गेजचा असतो आणि गेजच्या पद्धती दोन आहेत: ३६ एसडब्ल्यूजीची (ब्रिटिश गेज) तार ०.१९ मिमी, तर ३६ एडब्ल्यूजीची ०.१३ मिमी, म्हणजे तांबे निम्म्याहूनही कमी. शंका असल्यास मिलिमीटरमध्येच विचारावे.

शेवटी, तांबे खरे आहे का हेही पाहावे लागते. स्वस्त वायरीत, विशेषतः स्वस्त लॅन केबलमध्ये, ॲल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. अशा वायरीचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि थर खरवडला गेला की साधे सोल्डर तिला धरत नाही. टोक सोलून ब्लेडने घासले आणि आतून पांढरी चकाकी दिसली, तर ते रीळ परत करावे. दोन्ही टोकांना पिना असलेल्या तयार जंपर वायरींजवळ लोहचुंबक नेऊन पाहावे. पिनांपासून दूर, मधला भाग खेचला गेला, तर आत तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद आहे असे समजावे.