‘नांदायला ये’चा दावा आणि डॉ. रखमाबाई

बायको माहेरी निघून गेली की नवरा वकिलाकडे जातो आणि ‘कलम ९’ची केस पडते. मागणी एकच, तिने नांदायला यावे. हिंदू विवाह कायद्यातले हे कलम आपल्या धर्मशास्त्रातून आले असावे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर त्याचे मूळ इंग्लंडच्या चर्च न्यायालयांत आहे. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातल्या खटल्यांच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात हा दावा हिंदुस्थानातही चालेल असे ठरवले. मग १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजींनी तो आपली बायको रखमाबाई यांच्यावर लावला.

लग्न झाले तेव्हा रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या. त्या सासरी कधी नांदल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जी बाई नवऱ्याबरोबर एकदाही राहिली नाही, तिला ‘परत’ पाठवायचे कसे, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. पण अपिलात निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. अवघे वय २२! ‘केसरी’तून टिळक त्यांच्यावर तुटून पडले होते. ज्या इंग्लंडचा हा कायदा, तिथे मात्र अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ मध्येच बंद झाले होते.

अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य वेचले. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय १० वरून १२ वर नेले, त्यामागे या खटल्याने उठलेले वादळही होते.

तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे १९२३ मध्ये गेली, दावा राहिला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला, कलम ९ सकट. या कलमाखाली बायकोही नवऱ्यावर दावा लावू शकते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. इंग्लंडने १९७० मध्ये कायदा करून हा दावाच मोडीत काढला. आपल्याकडे आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.