रविवारचा कच्चा आकडा, सोमवारचा पक्का आकडा

जून 2015 मध्ये ‘जुरासिक वर्ल्ड’ लागला, त्या रविवारी युनिव्हर्सल या स्टुडिओने पहिल्या तीन दिवसांचा गल्ला सांगितला 20.46 कोटी डॉलर. ‘द अव्हेंजर्स’चा 2012 सालचा विक्रम होता 20.74 कोटींचा. विक्रम थोडक्यात वाचला, अशा बातम्या जगभर लागल्या. सोमवारी मोजणी पुरी झाली तेव्हा ‘जुरासिक वर्ल्ड’चा आकडा निघाला 20.88 कोटी. म्हणजे विक्रम रविवारीच मोडला होता, बातमी तेवढी एक दिवस मागे होती.

हॉलिवूडच्या प्रत्येक नव्या सिनेमाला ओपनिंग वीकेंडचे, म्हणजे शुक्रवार ते रविवार या पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचे, असे दोन आकडे असतात. रविवारी येतो तो अंदाज, इंग्रजीत एस्टिमेट. सोमवारी येतो तो प्रत्यक्ष, म्हणजे अ‍ॅक्च्युअल. आपल्याकडे उन्हाळ्यात पहिला रविवारी रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मोबाइलवर येतो, थंडीत तासभर उशिरा. दुसरा येईपर्यंत इथे मंगळवारची पहाट झालेली असते, आणि तोवर पहिला आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून शिळाही झालेला असतो. गोंधळाचं निम्मं कारण एवढंच.

कच्च्या आकड्यात दोन दिवस मोजलेले असतात आणि एक दिवस कल्पलेला. अमेरिका आणि कॅनडा मिळून जी बाजारपेठ होते तिला तिकडे ‘डोमेस्टिक’ म्हणतात, आणि इथले आकडे, वेगळं सांगितलं नसेल तर, तिथलेच. तिथल्या बहुतेक थिएटरांची तिकीटविक्री कॉमस्कोर या कंपनीकडे जमा होते आणि स्टुडिओंना दिसते. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची सकाळ उजाडते तेव्हा शुक्रवारचा हिशेब पक्का झालेला असतो आणि शनिवारचा जवळजवळ पूर्ण. रविवारचे शो मात्र अजून चालू व्हायचे असतात. तरीही तीन दिवसांची बेरीज त्याच सकाळी जाहीर होते. रविवारची रक्कम स्टुडिओचा वितरण विभाग ठरवतो: शनिवारच्या तुलनेत रविवार किती टक्के पडेल हे धरायचं आणि तेवढं वजा करायचं.

समजा एखाद्या सिनेमाने शुक्रवारी 3 कोटी डॉलर केले आणि शनिवारी 2.4 कोटी. रविवारची घसरण 35 टक्के धरली तर रविवार 1.56 कोटींचा आणि वीकेंड 6.96 कोटींचा. तीच घसरण 33 टक्के धरली की रविवार 1.61 कोटींचा आणि वीकेंड 7.01 कोटींचा. दोन टक्क्यांत मथळा बदलला: ‘सात कोटींचा टप्पा पार’. त्यामुळे कच्चा आकडा गोल टप्प्याच्या केसभर वर बसलेला दिसला की भुवई उंचवावी. दरवेळी लबाडीच असते असं नाही, पण ते दोन टक्के कुणाच्या हातात आहेत ते उघड आहे.

ही टक्केवारी हवेतून काढत नाहीत. मागच्या काळात त्याच जातीचा, त्याच हंगामात लागलेला सिनेमा रविवारी किती पडला ते बघतात. मुलांचे सिनेमे रविवारी बरे टिकतात, कारण दुपारचे शो भरतात. भयपट आणि तरुणांचे अ‍ॅक्शनपट जास्त पडतात; त्यांची गर्दी रात्रीच्या शोची, आणि दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस. सोमवारी सुट्टी असेल, उदाहरणार्थ मेमोरियल डे किंवा लेबर डे, तर रविवार जवळपास शनिवारसारखाच जातो. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी संध्याकाळची थिएटरं ओस पडतात. बर्फाचं वादळ आलं तर सगळंच गणित बिघडतं. डिसेंबर 2009 मध्ये ‘अवतार’ लागला त्याच वीकेंडला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळ होतं. रविवारी जाहीर झालेला तीन दिवसांचा अंदाज 7.3 कोटी होता, पक्का आकडा 7.7 कोटी झाला.

मोठ्या सिनेमांच्या बाबतीत कच्चा आकडा बहुधा कमीच पडतो. डिस्नेने ‘द फोर्स अवेकन्स’ला 2015 मध्ये 23.8 कोटी धरले, निघाले 24.8 कोटी. ‘इन्फिनिटी वॉर’ 25 वरून 25.77 वर गेला, ‘एंडगेम’ 35 वरून 35.71 वर, ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ 25.3 वरून 26 वर. कारण साधं आहे. शुक्रवारी-शनिवारी ज्यांना तिकीट मिळालं नाही ते रविवारी जातात, आणि हा ओसंडलेला प्रेक्षक जुन्या सिनेमांच्या टक्केवारीत दिसत नाही. शिवाय स्टुडिओला कमी सांगणं परवडतं. सोमवारी आकडा वाढला की दुसरी चांगली बातमी फुकटात मिळते. घटला तर सिनेमाला उतरती कळा लागली असं छापून येतं.

जुलै 2023 मधल्या ‘बार्बी’वर हे आतून बघता येतं. अंदाज 15.5 कोटी, पक्का आकडा 16.2 कोटी. पक्क्या हिशेबात शुक्रवार 7.05 कोटींचा, शनिवार 4.78 कोटींचा आणि रविवार 4.37 कोटींचा. यातले शुक्रवार-शनिवार तसेच ठेवून उलटं गणित केलं, तर 15.5 कोटींत रविवारच्या वाट्याला 3.67 कोटीच येतात, म्हणजे 23 टक्क्यांची घसरण. रविवार प्रत्यक्षात पडला साडेआठ टक्के. सत्तर लाख डॉलरचा सगळा फरक या एका दिवसाच्या पोटातला. त्याच दिवशी लागलेला ‘ओपनहायमर’ 8.05 वरून 8.24 कोटींवर गेला.

याच ‘बार्बी’च्या आकड्यांत आणखी एक फसगत आहे. शुक्रवारचे 7.05 आणि शनिवारचे 4.78 कोटी शेजारी ठेवले तर सिनेमा एका रात्रीत 32 टक्के कोसळल्यासारखा वाटतो. पण शुक्रवारच्या रकमेत आदल्या संध्याकाळचे प्रिव्ह्यू, म्हणजे अधिकृत प्रदर्शनाआधीच्या शोची कमाई, मिसळलेले असतात. ‘बार्बी’चे प्रिव्ह्यू 2.23 कोटींचे होते. ते बाजूला काढले की खरा शुक्रवार उरतो 4.82 कोटी, म्हणजे शनिवार त्याच्या बरोबरीचाच झाला. चाहत्यांच्या सिनेमांत प्रिव्ह्यूचा वाटा मोठा असतो, लहान मुलांच्या सिनेमांत कमी. प्रिव्ह्यू वजा न करता शुक्रवार-शनिवारची तुलना करणारी पोस्ट दिसली तर ती तिथेच सोडून द्यावी.

आकडा खालीही येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘जोकर: फोली आ दू’ला रविवारी 4 कोटी धरले गेले, पक्का आकडा 3.77 कोटींचा. पहिल्या रात्री थिएटरबाहेर प्रेक्षकांना विचारून श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये त्याला ‘डी’ मिळाली होती. शुक्रवारी पाहून आलेल्यांनी शनिवारी मित्रांना ‘जाऊ नका’ सांगितलं की त्याचा पुरता फटका रविवारी बसतो, आणि नेहमीची टक्केवारी तिथे उपयोगी पडत नाही. तरी घट म्हणजे आपटला असंही समजू नये. त्याच वर्षी ‘इनसाइड आउट 2’चा आकडा 15.5 वरून 15.42 वर आला, आणि तो सिनेमा त्या वर्षीचा जगातला सगळ्यात मोठा ठरला. अर्ध्या-एक टक्क्याचा फरक हा हिशेबातला सुटा पैसा.

क्रमांकाची चढाओढ असली की मात्र सुटा पैसाही महत्त्वाचा. 5 ते 7 जून 2009 या वीकेंडला रविवारच्या हिशेबात ‘अप’ 4.42 कोटींसह पहिला होता आणि ‘द हँगओव्हर’ 4.33 कोटींसह दुसरा. सोमवारी ‘द हँगओव्हर’ 4.5 कोटींवर गेला, ‘अप’ 4.41 वर राहिला, आणि पहिला नंबर बदलला. दोन सिनेमांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर असेल तर रविवारी रात्री विजेता जाहीर करण्यात अर्थ नाही.

तेव्हा रविवारचा आकडा आला की आधी दिवसवार फोड शोधायची. शुक्रवारातून प्रिव्ह्यू वजा करायचे, मग रविवारचा शनिवारशी भागाकार करून स्टुडिओने किती घसरण धरली ते काढायचं. कुटुंबांच्या सिनेमाला 35 टक्के धरली असतील तर आकडा वाढण्याची शक्यता जास्त. भयपटाला 20 टक्के धरली असतील तर सोमवारची वाट बघावी. सोमवारी सुट्टी असलेल्या वीकेंडला चार दिवसांचा आकडाही जाहीर होतो आणि पक्का हिशेब एक दिवस पुढे सरकतो. चार दिवसांची तुलना दुसऱ्या सिनेमाच्या तीन दिवसांशी करणं ही तर नेहमीची चूक. दुसऱ्या आठवड्याची घसरण काढताना दोन्ही बाजूंना पक्केच आकडे घ्यावेत. पहिला वीकेंड 10 कोटींचा पक्का आणि दुसरा 5 कोटींचा कच्चा असेल, तर ‘50 टक्के घसरण’ सोमवारी 47 किंवा 53 सुद्धा होऊ शकते.

एक लक्षात ठेवायचं, डेटाच्या संकेतस्थळांवर सोमवारी कच्च्या आकड्याच्या जागी पक्का येतो. बातम्यांचे जुने मथळे तसेच राहतात. त्यामुळे सहा महिन्यांनी शोधलं तर ‘एंडगेम’ 35 कोटींवरही सापडेल आणि 35.71 वरही. 35.71 घ्यावा.

जगभरचा रविवारचा आकडा यापेक्षाही कच्चा. काही देशांत सिनेमा बुधवारी लागतो, काही ठिकाणी गुरुवारी, तेव्हा तिथला ‘वीकेंड’ पाच दिवसांचाही असतो, आणि प्रत्येक देशाचं चलन डॉलरमध्ये बदलून घेतलेलं असतं. ‘द फोर्स अवेकन्स’ची जगभरची बेरीज रविवारी 51.7 कोटी होती, पक्की 52.9 कोटी झाली. भारतातल्या कमाईची वेगळीच गंमत: इथल्या बातम्या बऱ्याचदा कर वजा जाता ‘नेट’ सांगतात आणि तिकडे जातो तो करासकटचा ‘ग्रॉस’, म्हणून एकाच सिनेमाचे दोन आकडे जुळत नाहीत. आणि ‘155 मिलियन डॉलर’ म्हणजे 155 कोटी रुपये नव्हेत. दहा मिलियनचा एक कोटी, म्हणून ते साडेपंधरा कोटी डॉलर. रुपये हवे असतील तर त्याला त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने गुणायचं.