पार्श्वभूमी: ‘बेवारस’ गेमचे वारसदार

2001 ते 2007 च्या दरम्यान बेळगावच्या खडेबाजार नाहीतर टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत ज्यांचे खिसे रिकामे झाले, त्यांना ‘आयजीआय’ या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेमची ओळख करून द्यायला नको. त्या गेममध्ये मिशन चालू असताना सेव्ह करायची सोय नव्हती. पहिल्याच मिशनच्या रेल्वे यार्डात शेवटाला येऊन गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून, आणि काउंटरवरचं घड्याळ आपलं पुढेच. सीडी कोणीतरी पुण्याहून आणलेली, वर मार्करने नाव खरडलेलं, एकीवरून सगळ्या मशीनवर चढवलेली. म्हणजे आमच्या भागात त्या गेमवर रोज कमाई करणारा होता तो कॅफेवाला. नॉर्वेतल्या ज्या स्टुडिओने गेम बनवला, त्याला यातला छदामही गेला नाही.

तो स्टुडिओ तर 2003 मध्येच बंद पडला, दुसरा भाग बाजारात आला त्याच वर्षी. 2005 च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही रांग लावून खेळत होतो, तेव्हा ज्यांनी ते यार्ड उभं केलं ती माणसं केव्हाच पांगली होती. पहिला भाग विकणारी ब्रिटिश कंपनी 2009 मध्ये एका जपानी कंपनीने घेतली. दुसरा भाग वेगळ्याच ब्रिटिश कंपनीने काढलेला. 2019 मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने त्याच नावाचा नवा गेम जाहीर केला, तो आलाच नाही.

बनवणारे-विकणारे असे नाहीसे झाले की त्या गेमना नेटवर ‘अबँडनवेअर’ म्हणतात. मराठीत त्याचं ‘बेवारस’ झालं आणि घोळ तिथेच सुरू झाला. बेवारस म्हटलं की आपल्याला स्टँडवर सापडलेली बॅग आठवते: मालक आला नाही, आता उचलली तरी कोण विचारतो? कायद्याला बेवारस मालमत्ता माहीत आहे, पण तिथे अर्थ नेमका उलटा आहे. घटनेच्या कलम 296 प्रमाणे वारस नसलेली मालमत्ता ती ज्या राज्यात असेल त्या राज्याकडे जाते, सापडेल त्याच्याकडे नाही. (सीमाभागातल्या माणसाला ‘कुठल्या राज्यात?’ असं विचारू नये, तो वेगळा लेख होईल.) आणि गेमची गाडी इतक्या टोकाला सहसा जातच नाही. कंपनी मरते, कॉपीराइट मरत नाही. अमेरिकेत नोकरीतून तयार झालेल्या कामाला प्रकाशनापासून 95 वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे 2000 सालचा गेम 2095 संपेपर्यंत कोणाचा ना कोणाचा असतोच.

फक्त तो ‘कोणी’ दिसत नाही. जमिनीचं तसं नाही. आपला आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये असला तरी मालकाचं नाव आणि कर्जाचा बोजा त्यावर असतो. कॉपीराइटची नोंदणी मात्र ऐच्छिक, खरी मालकी करारांच्या फायलींत. 2000 मध्ये बंद पडलेल्या लुकिंग ग्लास स्टुडिओच्या ‘सिस्टम शॉक 2’ या गेमचे हक्क कुठे सापडावेत? एका विमा कंपनीकडे! तिच्याकडून 2012 मध्ये परवाना घेऊन एका छोट्या कंपनीने तो 2013 मध्ये पुन्हा विक्रीला आणला. त्याच छोट्या कंपनीने ‘नो वन लिव्ज फॉरएव्हर’साठीही खटपट केली. तिथे तीन बड्या कंपन्यांपैकी नक्की कोणाकडे काय आहे ते ठरेना, आणि 2015 च्या सुमारास नाद सोडावा लागला. तो गेम आज कोणीच विकत नाही. मला विचाराल तर ‘बेवारस’ म्हणायचंच असेल तर या अवस्थेला म्हणा: वारस तीन, आणि दार उघडायला एकही नाही.

लिलावाचा प्रकार जास्त सरळ. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका दिवाळखोर प्रकाशकाचे स्टुडिओ आणि गेम तुकड्यातुकड्याने विकले गेले. उरलंसुरलं 49 लाख डॉलरला गेलं, आणि ते घेणाऱ्याने पुढे मेलेल्या कंपनीचं नावही स्वतःला लावून घेतलं. पैसा गेला धनकोंकडे. आपल्याकडे असं झालं तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेचं कलम 53 लागू होतं: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारण घेतलेले धनको बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार. कोड लिहिणारा ‘कामगार’ की ‘कर्मचारी’, यावर त्याची रांगेतली जागा ठरते. इथून इंजिनिअर होऊन बेंगळुरू-पुण्याला जाणाऱ्या पोरांनी हे ऑफर लेटर घेतानाच वाचलेलं बरं. गेमवर तर त्यांचा हक्क नाहीच. पगारी माणसाचं काम मालकाचं, हे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17. सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क मिळाला, कोडरसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही.

अलीकडची दोन-तीन वर्षं गडबडीची गेली. 2010 पूर्वी अमेरिकेत आलेले 87 टक्के गेम आज दुकानात मिळत नाहीत, असं 2023 च्या एका अभ्यासात निघालं. तरीही ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून वापरायला द्यावेत ही मागणी तिथे ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली गेली. जुन्या गेमच्या पुनर्विक्रीला धक्का बसेल, हा उद्योगाचा मुद्दा. कुठली पुनर्विक्री? मार्च 2024 च्या शेवटी तर एका चालत्या कंपनीनेच आपल्या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेली डिस्क निरुपयोगी झाली. त्यावरून युरोपात सुरू झालेल्या सह्यांच्या मोहिमेने जुलै 2025 मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला.

आपल्या कॉपीराइट कायद्यात एक आडवाट आहे, कलम 31अ. मालकाचा पत्ताच लागत नसेल तर देशात बऱ्याच भागांत खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग परवान्यासाठी अर्ज, आणि ठरेल ती रॉयल्टी भरायची. भाषांतर करायचं असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही जाहिरात लागते. म्हणजे असा एखादा गेम मराठीत आणायचा तर मराठी पेपरात, जमीन खरेदीच्या ‘जाहीर नोटीस’च्या शेजारी, त्याच्या मालकाला हाक मारावी लागेल.