घोड्याचे पाय आणि स्वाराचा मृत्यू: तो ‘नियम’ खोटा आहे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापासून लातूर-नांदेडपर्यंत, अश्वारूढ पुतळा दिसला की कुणीतरी सांगतंच: घोड्याचे दोन्ही पुढचे पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, चारही टेकलेले तर नैसर्गिक मृत्यू. असा संकेत शिल्पकलेत नाही. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधला सम्राट पीटर द ग्रेटचा घोडा (१७८२) दोन पायांवर उभा आहे, पण पीटर आजारपणात गेला. रोममधल्या, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या घोड्याचा एक पाय वर. तोही आजारानेच गेला.

पाय किती उचलायचे, हे शिल्पकाराला हवा असलेला आवेश आणि वजन ठरवतं. पुतळा भरीव नसतो. साच्यातला मेणाचा थर वितळवून काढतात आणि त्या जागी साधारण ११०० अंश सेल्सिअसवर वितळलेलं ब्राँझ ओततात, आत पोकळी राहते. तरीही ६ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचं वजन सुमारे ५३ किलो भरतं. घोडा दोन पायांवर उभा केला की हा सगळा भार मागच्या दोन बारीक घोट्यांवर येतो. म्हणून त्या पायांतून स्टेनलेस स्टीलचे दांडे थेट चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये उतरवतात. पीटरच्या घोड्याची शेपटी त्याच्या पायाखाली घडवलेल्या सापाला टेकलेली आहे, तो तिसरा आधारच.

इथे साधं लोखंड वापरणं ही मोठी चूक. सांध्यातून पावसाचं पाणी शिरलं की ब्राँझला चिकटलेलं लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि घोट्याजवळ तडा जातो. त्यासाठी पोटाखाली आणि खुरांजवळ पाणी निथळायला बारीक छिद्रं ठेवतात. रंगरंगोटी करताना ती बुजवू नका.