पील रीजन: तीन शहरं, एक पाइपलाइन आणि पन्नास वर्षांची भांडणं

कॅनडातल्या टोरांटोच्या पश्चिमेला मिसिसागा किंवा ब्रॅम्पटनला घर घेतलं की पहिल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर माणूस अडखळतो. बिल पाठवलंय सिटीने, पण आत तीन वाटे असतात, सिटीचा, रीजनचा आणि शाळांसाठी एज्युकेशनचा, आणि रीजनचा वाटा बघून आपल्यातला प्रत्येक जण एकदा तरी विचारतो की हे कोण आता नवीन? तर सिटी म्हणजे साधारण आपली महापालिका आणि तिच्यावर झेडपीसारखी दुसरी बॉडी म्हणजे रीजन ऑफ पील. फरक एवढाच की आपल्याकडे महापालिका झाली की झेडपीशी संबंध संपतो, इथे संपत नाही, दोघांनाही पैसे द्यायचे. पाणी, ड्रेनेज, कचरा, पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, वृद्धांची केअर होम्स ही वर्षानुवर्षं रीजनची कामं, आणि बस, फायर ब्रिगेड, लायब्ररी, पार्क सिटीची. रस्तेसुद्धा वाटलेले, म्हणजे तुमच्या गल्लीतला बर्फ सिटी काढणार आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्याचा कदाचित रीजन.

असं त्रांगडं कोणी मुद्दाम करत नाही, ते साचत जातं, आणि ते कसं साचलं ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

ही जमीन क्रेडिट नदीकाठच्या मिसिसागा या मूळनिवासी लोकांची. १८०५ च्या करारात ऑन्टारिओ तलावालगतचा पट्टा गेला, १८१८ ला आतली बरीचशी जमीन गेली, १८२० ला उरलंसुरलंही गेलं, आणि १८४७ मध्ये ते लोक इथून उठून हेगर्सव्हिलजवळ राहायला गेले, आजही त्यांचं रिझर्व्ह (त्यांच्यासाठी राखलेली जमीन) तिथेच आहे. शहराला त्यांचं नाव मिळालं ते १९६८ ला, ते जाऊन शंभरेक वर्षं उलटल्यावर.

मधल्या काळात इथे काउंटी होती. १८६७ ला यॉर्कपासून वेगळी होऊन पील काउंटी झाली, मुख्य ठिकाण ब्रॅम्पटन, तिथे कोर्ट आणि जेल. खाली पाच टाउनशिप: टोरांटो, टोरांटो गोर, चिंगकूझी, कॅलेडन, अल्बियन. सगळी शेती, फळबागा आणि गिरण्या. ब्रॅम्पटन तर गुलाबांच्या ग्रीनहाउससाठी प्रसिद्ध होतं, आज तिथल्या ट्रकच्या रांगा बघून कोणाचा विश्वास बसणार नाही. शेतकऱ्यांच्या गावांना अशी व्यवस्था पुरत होती, रस्ते करायचे, पूल बांधायचे, वर्षातून चार मीटिंगा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सगळं फटाफट बदललं. माल्टनला एअरपोर्ट आणि शेजारी विमानांचे कारखाने आधीच आले होते, आता टोरांटोत जागा महाग म्हणून लोक पश्चिमेला सरकायला लागले. १९५० च्या दशकाच्या शेवटी चिंगकूझीच्या शेतात ब्रॅमेली नावाचं अख्खं शहर प्लॅन करून बांधायला घेतलं, त्यात एका सेक्शनमधल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, पत्ता शोधणाऱ्या पाहुण्याची अजूनही वाट लागते. घरं झाली, लोक आले, आणि मग घोडं अडलं ते पाण्यावर. विहिरी हजारो घरांना पुरेनात, पाणी तलावातून आणायचं आणि सांडपाणी परत तलावाच्या बाजूलाच न्यायचं तर पाइप तीन-चार गावांच्या हद्दीतून जाणार, आणि प्रत्येक गावाची कौन्सिल वेगळी, तिजोरी वेगळी. माझं स्वतःचं मत विचाराल तर रीजनचा खरा जन्म त्या पाइपमध्ये आहे, लोकशाही, कार्यक्षमता वगैरे भाषणं नंतरची.

ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने १९६९ ला ओटावा-कार्ल्टनपासून रीजनल म्युनिसिपालिटी काढायला सुरुवात केली, मग नायगरा, यॉर्क, वॉटर्लू, आणि १ जानेवारी १९७४ ला पील. तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, बिल डेव्हिस स्वतः ब्रॅम्पटनचे, म्हणजे घरच्याच मैदानावर निर्णय. पाच टाउनशिप आणि मधली गावं, कसबे मिळून तीन नगरं केली: दक्षिणेला मिसिसागा, मध्ये ब्रॅम्पटन, उत्तरेला कॅलेडन. चिंगकूझीचे तर दोन तुकडे झाले, खालचा ब्रॅम्पटनला आणि वरचा कॅलेडनला. पोर्ट क्रेडिट आणि स्ट्रीट्सव्हिल ही स्वतःची कौन्सिल असलेली जुनी गावं मिसिसागात विरघळली.

स्ट्रीट्सव्हिल मुकाट्याने गेलं नाही. तिथल्या मेयर होत्या हेझल मॅकॅलियन, आणि त्यांनी या विलीनीकरणाला जोरदार विरोध केला, आम्हाला मिसिसागात घालू नका म्हणून. हरल्या. आणि मग काय केलं, तर त्याच मिसिसागात निवडणूक लढवून १९७८ ला मेयर झाल्या आणि २०१४ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षांच्या होईपर्यंत, खुर्ची सोडली नाही! त्यापुढे जाऊन मिसिसागाला पीलमधून बाहेर काढा ही मागणीही त्यांचीच. आधी मोठ्या गावात जायला नको म्हणून भांडण, मग त्या मोठ्या गावाला आणखी मोठ्या घरात राहायला नको म्हणून भांडण. स्ट्रीट्सव्हिलवाले आजही स्वतःला मिसिसागाचे म्हणवताना जरा थांबतात, आणि १९७३ पासून तिथे दर जूनमध्ये ब्रेड अँड हनी फेस्टिव्हल भरतो, जुनी मेन स्ट्रीट, दुकानं, परेड, सगळं एकदम गावच्या जत्रेसारखं.

रीजनच्या बाजूनेही बोलायला हवं. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री मिसिसागात मालगाडी रुळावरून घसरली, प्रोपेनचे स्फोट झाले आणि एका टँकरमधून क्लोरीन गळायला लागला. दोन लाखांहून जास्त लोकांना घराबाहेर काढलं, जवळपास आठवडाभर शहराचा मोठा भाग रिकामा होता, आणि एकही माणूस मेला नाही. पील रीजनल पोलीस तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. वेगवेगळ्या गावांच्या छोट्या छोट्या पोलीस तुकड्यांना हे जमलं असतं का, मला शंका आहे. (कॅलेडनमध्ये मात्र पील पोलीस नाहीत, तिथे प्रांताचे पोलीस आहेत, हेही एक वेगळंच.)

पुढचं भांडण पैशाचं आणि खुर्च्यांचं. मिसिसागाचं म्हणणं की लोकसंख्या निम्म्याहून जास्त आमची, टॅक्स सगळ्यात जास्त आमचा, आणि रीजनच्या कौन्सिलमध्ये २१ पैकी १० मतं आमची, हा कुठला न्याय? २००४ च्या सुमारास प्रकरण इतकं तापलं की प्रांताला मध्ये पडावं लागलं आणि नवीन वाटणी झाली, मिसिसागा १२, ब्रॅम्पटन ७, कॅलेडन ५. यातही मिसिसागाला बरोबर निम्मी, बहुमत नाहीच. त्यात रीजनचा चेअर (अध्यक्ष) लोकांनी निवडायचा असं एकदा ठरलं होतं, पण २०१८ ला प्रांताच्या डग फोर्ड सरकारने निवडणूक तोंडावर असताना ते रद्द केलं.

दरम्यान खाली जमीनच सरकली होती. २०२१ च्या जनगणनेत पीलची लोकसंख्या १४,५१,०२२, त्यात मिसिसागा ७,१७,९६१, ब्रॅम्पटन ६,५६,४८० आणि कॅलेडन ७६,५८१. म्हणजे मिसिसागा आता निम्म्याच्या खाली, आणि ब्रॅम्पटन, जिथे पंजाबी, गुजराती, तमिळ आणि आपले मराठी लोकही मोठ्या संख्येने येऊन राहिले, ते पाठोपाठ. जो युक्तिवाद मिसिसागाने वर्षानुवर्षं वापरला तोच आता ब्रॅम्पटनच्या हातात आला, आमची माणसं एवढी आणि खुर्च्या एवढ्याच?

२०१९ ला प्रांताने रीजनांचा रिव्ह्यू केला, शेवटी काही बदलणार नाही म्हणून जाहीर केलं. मग मे २०२३ ला एकदम उलटं. हेझल मॅकॅलियन जानेवारीत वारल्या होत्या, त्यांचं नाव देऊन कायदा आणला, १ जानेवारी २०२५ पासून पील बरखास्त आणि तिन्ही नगरं स्वतंत्र. मिसिसागात आनंदीआनंद. ब्रॅम्पटनचे मेयर पॅट्रिक ब्राउन म्हणाले, ठीक आहे, पण पाण्याचे प्लांट, पोलिसांच्या इमारती आमच्या पैशातूनही झाल्यात आणि त्यातलं बरंचसं मिसिसागात आहे, आधी त्याचा हिशोब करा. पाणी मुरत होतं ते इथेच. पन्नास वर्षं एकत्र टाकलेले पाइप तीन वाट्यात कापायचे कसे? आकडेमोड सुरू झाली, टॅक्स बराच वाढेल असं दिसायला लागलं, आणि १३ डिसेंबर २०२३ ला सरकारने बरखास्तीच मागे घेतली, कायदा होऊन सहा-सात महिन्यांत. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मिसिसागाच्या मेयर बॉनी क्रॉम्बी फोर्ड सरकारच्या विरोधातल्या ऑन्टारिओ लिबरल पक्षाच्या नेत्या म्हणून निवडून आल्या होत्या, त्यामुळे या यू-टर्नमागे राजकारण होतं असंही बोललं गेलं. खरंखोटं ज्याचं त्याने ठरवावं, पण पैशाचं कारण काही खोटं नव्हतं.

त्यानंतर सरकारने मोठी फाळणी सोडून थोडं थोडं कापायचा मार्ग घेतलाय. जुलै २०२४ पासून प्लॅनिंगचे अधिकार रीजनकडून जाऊन तिन्ही नगरांकडे गेले, आणि रस्ते, कचरा हेही खाली द्यायचं धोरण आहे. कॅलेडनसाठी यातलं प्लॅनिंग सगळ्यात जड, कारण शेतजमिनीवर बिल्डरांची रांग तिथेच लागलीय आणि तिथल्या टाउन हॉलचा स्टाफ बाकीच्या दोघांच्या मानाने अगदीच लहान आहे.