पोकलेनच्या मॉनिटरवरचा ‘११०-३’ : एका आकड्याची पार्श्वभूमी

सेकंड हँड पोकलेन घेतलं, चार दिवस काम झालं आणि पाचव्या दिवशी मॉनिटरवर ‘११०-३’ आला. मेकॅनिक म्हणाला, ११० म्हणजे पाण्याचं तापमान, सेन्सर बदला. बदलला, तरी कोड तसाच. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर, आणि शेवटी ‘कंट्रोलरच (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) गेला असेल’. कर्ज काढून जुनं मशीन घेणाऱ्या छोट्या ठेकेदारांचे पैसे असे जाताना बघून वाईट वाटतं, कारण निम्मं उत्तर त्या आकड्यातच लिहिलेलं असतं. ११० सगळे वाचतात, त्यापुढचा ३ वाचायचा राहतो. तो ३ कुठून आला हे समजायला चाळीसेक वर्षं मागं जावं लागतं.

पोक्लेन ही मुळात फ्रेंच कंपनी. तिची यंत्रं लार्सन अँड टुब्रो भारतात बनवत असे, आणि कंपनीचं नाव आपल्याकडे यंत्राचंच नाव होऊन बसलं. त्या पिढीच्या इंजिनाला विजेचं काम फारसं नव्हतं. दोन बॅटऱ्या, सेल्फ, अल्टरनेटर, दोन-तीन मीटर, फार तर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारा खटका. डिझेल किती जायचं ते पंपातला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यांत्रिक रचना, ठरवायचा. बिघाड शोधायला टेस्ट लॅम्प पुरायचा. नंतर इंजिन आणि हायड्रॉलिक पंप यांचा मेळ घालायला कंट्रोलर आला, रेसच्या केबलच्या जागी गव्हर्नर मोटर आली. कोमात्सुच्या त्या काळातल्या मशीनवर ‘ई०५’ दिसला की ऑपरेटर गव्हर्नर मोटरकडे धावायचा. पण असे कोड ज्या त्या कंपनीचे खासगी होते. एका मशीनचं ज्ञान दुसऱ्याला लागू पडत नसे.

सामायिक भाषा तयार झाली ती अमेरिकेतल्या ट्रकांसाठी. डेट्रॉइट डिझेलने १९८७ मध्ये ‘सिरीज ६०’ इंजिन आणलं, त्यात डिझेलचा हिशेब इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे होता. पण ट्रकात इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, ब्रेकचा कंट्रोलर तिसरीचा. त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी दोन मानकं केली. जे१७०८ ने तारा आणि वेग ठरवला, सेकंदाला ९६०० बिट. जे१५८७ ने भाषा ठरवली. बिघाडाच्या वाक्यात तीन गोष्टी यायच्या : कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय आणि झालंय काय. १२८ म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० पाण्याचं तापमान, १६८ बॅटरीचा व्होल्टेज, १९० इंजिनाचा वेग. आणि शेवटचा छोटा आकडा, एफएमआय, बिघाडाची जात सांगायचा.

फेब्रुवारी १९८६ मध्ये बॉशने डेट्रॉइटच्या एसएई परिषदेत कॅन हे, अनेक कंट्रोलरना एकाच तारांच्या जोडीवर बोलू देणारं तंत्र मांडलं होतं. पुढे नव्वदच्या दशकात त्यावर जे१९३९ उभं राहिलं, सेकंदाला अडीच लाख बिट. ते करणाऱ्यांनी एक फार शहाणपणाचा निर्णय घेतला : ५११ पर्यंतचे क्रमांक जुन्या भाषेतलेच ठेवले. म्हणून ११० आजही पाण्याचं तापमानच आहे.

पोकलेनमध्ये हे सगळं आलं धुराच्या कायद्यामुळे. अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या डिझेल इंजिनांना १९९६ पासून टप्प्याटप्प्याने धुराच्या मर्यादांचा टियर १, २००१ पासून टियर २ आणि २००६ पासून टियर ३ लागू झाला. टियर ३ येईपर्यंत वीस टनी मशीनमध्ये कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना, कंट्रोलरच्या हुकमावर डिझेल) सर्रास झालं होतं आणि इंजिनाबरोबर ट्रकांची भाषाही आली.

आता तो ३. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट ओपन, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थला शॉर्ट. ० म्हणजे सेन्सर बरोबर सांगतोय आणि इंजिन खरंच तापलंय : ११०-० आला तर वायरिंग सोडा, रेडिएटर बघा. ११०-३ ची कथा अगदी वेगळी. कंट्रोलर आतल्या रेझिस्टरमधून सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्ट ठेवतो. पाणी तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स घटतो आणि व्होल्टेज खाली येतो. तार तुटली, कपलरमधली (तारा जोडणाऱ्या प्लगमधली) पिन मागं सरकली किंवा गंजून हिरवी पडली, तर खाली ओढणारं कुणी उरत नाही आणि कंट्रोलरला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. म्हणजे ‘व्होल्टेज जास्त’चा अर्थ बहुतेक वेळा ‘तार तुटलीय’ असा होतो. तापमानाच्या दोन तारांच्या सेन्सरवर याची परीक्षा पाच मिनिटांची. चावी बंद करून कपलर काढा, हार्नेसच्या, म्हणजे मशीनच्या तारांच्या, बाजूच्या दोन पिना बारीक तारेने जोडा आणि चावी लावा. ३ चा ४ झाला तर तारा आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर खराब. ३ तसाच राहिला तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. प्रेशरच्या तीन तारांच्या सेन्सरवर मात्र हे करू नका. तिथल्या ५ व्होल्टवर अनेकदा इतरही सेन्सर चालतात. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की चार-पाच कोड एकदम येतात. तेव्हा एकेक कपलर काढत जायचं. ज्याच्यानंतर बाकीचे कोड जातील, तो दोषी.

कंपन्यांच्या बोली वेगळ्या आहेत. कॅटरपिलर त्या पहिल्या आकड्याला सीआयडी म्हणते, पण तिथेही ११० पाण्याचंच. कोमात्सुच्या पीसी२००-८ वर ‘सीए१४४’ दिसतो. हा १४४ कमिन्सचा कोड आहे, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा व्होल्टेज जास्त. कोमात्सु आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये जपानमध्ये ओयामाला इंजिनांची संयुक्त कंपनी काढली, आणि पीसी२००-८ चं इंजिन कमिन्सच्या क्यूएसबी ६.७ इंजिनाचं भावंड आहे. पुण्यात १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स होती. त्या इंजिनांवर हात बसलेल्या इथल्या मेकॅनिकला सीएमागचा आकडा ओळखीचा वाटतो तो त्यामुळे.

भारतात बांधकाम यंत्रांसाठी धुराचे वेगळे नियम आहेत. त्यातला चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ ला लागू झाला. पण मोटार वाहन नियमांतली बांधकाम यंत्राची व्याख्या रबरी टायर, रबरी पॅड किंवा पोलादी ड्रमच्या चाकांवरच्या यंत्रांपुरती होती. लोखंडी चेनचं पोकलेन त्यात बसत नव्हतं, त्यामुळे त्याला हे नियम लागत नव्हते. म्हणून जुन्या बाजारात साधा पंप आणि कॉमन रेल अशी दोन्ही मशीनं शेजारी उभी दिसतात.

जुन्या मशीनच्या वायरिंगने बरंच सोसलेलं असतं. उंदीर, प्रेशरने धुताना कपलरमध्ये गेलेलं पाणी, ब्रॅकेटवर घासून सोललेली तार, टेपखाली पिळून जोडलेले तुकडे, कंट्रोलरचे कपलर न काढता बकेटवर केलेलं वेल्डिंग. विकण्याआधी कोड पुसलेले असू शकतात. म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिन नुसतं चालू करून समाधान मानू नका. मशीन तासभर लोडवर चालवा, मग सर्व्हिस मेन्यूतले साठवलेले कोड काढायला सांगा. त्यांच्यासमोर बऱ्याच मशीनवर किती वेळा आला आणि मीटरवरच्या किती तासांना आला हे लिहिलेलं असतं. आणि यादी पूर्ण कोरी असेल, तर ती कधी पुसली हे विक्रेत्याला तिथेच विचारा.